एका पुडीच्या दोन शिक्षा

उज्जैनला माझी बदली झाली तेव्हा नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. आमचं घर मूळचं ग्वाल्हेरचं, दरबारी कारकुनांचं. पुढच्या पिढ्यांत कोणी मास्तर झालं, कोणी वकील, आणि मी न्यायाधीश. मध्य प्रदेशात न्यायाधीशाने दर तीन वर्षांनी सामान बांधायचं असतं. आई माझ्याबरोबर गावोगाव फिरली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि ऐंशी उलटल्यावरही सकाळी वर्तमानपत्रातले आकडे पेन्सिलीने पडताळून बघायची. उज्जैन तिला आवडलं, कारण शेजारीपाजारी मराठी बोलणारी घरं होती. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, म्हणजे अर्धी हिंदी.

माझ्याकडे अमली पदार्थांचे खटले चालवणारं विशेष न्यायालय होतं. कोठी रोडवर बंगला, तिथून न्यायालय जवळच. माळव्यात अफूची सरकारी परवान्याची शेती आहे, त्यामुळे असे खटले इथे कधी कमी पडत नाहीत. या कायद्यात सगळं वजनावर चालतं. प्रत्येक पदार्थासाठी दोन रेषा आखलेल्या आहेत. खालच्या रेषेच्या आत माल सापडला तर ती थोडी मात्रा, शिक्षा फार तर एक वर्ष. वरच्या रेषेच्या पलीकडे गेला तर व्यापारी मात्रा, आणि मग दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही, आरोपी कोणीही असो. या दोन रेषांच्या मध्ये जो येतो त्याला शून्यापासून दहा वर्षांपर्यंत काहीही देता येतं. ते न्यायाधीशाने ठरवायचं.

लोकांना वाटतं की दहा वर्षं सुनावणं अवघड असतं. माझा अनुभव उलटा आहे. डोडाचुऱ्याची, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुग्याची, पोती भरलेला ट्रक पकडला गेला, पुरावा टिकला, की मी दहा वर्षं लिहून शांतपणे घरी जेवायला जात असे. आकडा संसदेने ठरवलेला होता. मधल्या मात्रेचा खटला असला की मात्र जेवताना आई विचारायची, "आज तुझी सही अडली वाटतं?"

मी तिला एकदा समजावून सांगितलं की अशा खटल्यात कायदा आम्हाला विवेकाधिकार देतो.

"म्हणजे तुझी मर्जी," ती म्हणाली.

"मर्जी नाही. विवेक."

"फरक काय?"

"मर्जीची कारणं द्यावी लागत नाहीत."

तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "कारणं काय, मुलं चुकीच्या उत्तरालाही देतात."

मी ज्या खटल्याबद्दल सांगणार आहे तो निम्मा असा मधल्या मात्रेचा होता, आणि निम्मा नव्हता. आरोपी दोन होते, दोघेही तिशीच्या आसपास, दोघेही उज्जैनच्याच भैरवगढ भागातले. एक जण काकांच्या कारखान्यात लाकडी ठशांनी कापडावर छपाई करायचा. चादरी, ओढण्या, तंबूचे पडदे. दुसरा स्टेशन आणि महाकाल यांच्यामध्ये ऑटो चालवायचा. एकाच गल्लीत वाढलेले, एकाच शाळेतून एकाच वर्षी बाहेर पडलेले. पावडरीचं व्यसनही दोघांना एकदमच लागलं असावं. स्मॅक म्हणा, ब्राउन शुगर म्हणा, तिथे सगळे पावडरच म्हणतात.

एका संध्याकाळी आगर रोडवर पोलिसांनी त्यांचा ऑटो थांबवला. झडतीत छपाईवाल्याच्या खिशात चार ग्रॅमला थोडी कमी पावडर निघाली, ऑटोवाल्याच्या खिशात सात ग्रॅमच्या वर. या पदार्थासाठी खालची रेषा पाच ग्रॅमची आहे. पावडरीत भेसळच जास्त असते, पण वरच्या न्यायालयाने ठरवून दिलं आहे की वजन भेसळीसकट धरायचं. म्हणजे एक जण रेषेच्या खाली राहिला, दुसरा वर गेला. छपाईवाल्याला जामीन मिळून गेला. ऑटोवाल्याचा अर्ज आधी फेटाळला गेला. पुढे मंजूर झाला तेव्हा त्याच्यासाठी उभा राहणारा जामीनदार मिळेना. घरात आई एकटी, आणि ऑटोवर कर्ज. खटला संपेपर्यंत त्याने चौदा महिने तुरुंगात काढले. उज्जैनचा तुरुंग भैरवगढलाच आहे. छपाईवाला रोज ज्या रस्त्याने कामाला जायचा त्याच रस्त्यावर.

दोघांचा खटला माझ्यापुढे एकत्र चालला. छपाईवाल्याचा वकील खाजगी होता, काकांनी लावलेला. ऑटोवाल्यासाठी मोफत विधी सेवेतून एक तरुण वकीलबाई नेमल्या होत्या. नेहमीसारखाच खटला. रस्त्यावरचे पंच साक्षीदार उलटले, म्हणाले आम्ही फक्त कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. पोलिसांची साक्ष मात्र उलटतपासात ढळली नाही, नमुन्यांची सील जागच्या जागी होती, प्रयोगशाळेचा अहवाल स्पष्ट होता. दोन्ही आरोपींनी आपल्या जबाबात एकच वाक्य सांगितलं, "झूठा फँसाया है." त्यापलीकडे काही नाही. मी दोघांना दोषी धरलं.

दोषी ठरवल्यावर शिक्षा लगेच सांगायची नसते. आधी आरोपीला विचारायचं असतं की शिक्षेबाबत तुझं काही म्हणणं आहे का. बहुतेक वेळा उत्तर वकीलच देतो. पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आई-वडील आहेत, लहान मुलं आहेत. त्यानंतर सरकारी वकील म्हणतात की गुन्हा समाजाविरुद्ध आहे. या संभाषणाची सगळ्यांना इतकी सवय झालेली असते की स्टेनोचे हात निम्मं आधीच टाईप करून मोकळे होतात.

त्या दिवशी छपाईवाल्याचे वकील बोलून खाली बसले. त्यांनी एक चांगली मागणी केली होती. कायद्यात एक कलम आहे, क्वचितच वापरलं जाणारं. थोड्या मात्रेत सापडलेला माणूस व्यसनी असेल तर त्याला तुरुंगाऐवजी त्याच्या संमतीने सरकारी इस्पितळात उपचाराला पाठवता येतं. तो बंधपत्र लिहून देतो आणि वर्षाच्या आत इस्पितळाचा अहवाल न्यायालयापुढे यावा लागतो. मी इतक्या वर्षांत ते कलम एकदाही वापरलं नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं. मी मनात ते जवळजवळ मान्य केलं होतं.

तेवढ्यात छपाईवाला कठड्याला धरून म्हणाला, "साहब, एक बात कहनी है."

त्याचे वकील उठले. "मॅडम, घबराया हुआ है. इसको समझ नहीं है."

"बोलने दीजिए," मी म्हटलं.

त्याची बोटं नखांपर्यंत निळसर-काळी होती, छपाईच्या रंगाने. तो कठड्याकडेच बघत बोलत होता. त्याने जे सांगितलं ते असं. पावडर दोघांनी मिळून घेतली होती, पैसे दोघांचे. ऑटोतच निम्मी-निम्मी वाटून घेतली. पुलाच्या अलीकडे पोलिसांची गाडी आडवी लावलेली दिसली. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मित्राने एक हात हँडलवर ठेवला आणि दुसरा मागे केला, म्हणाला, "ला, इधर दे. तेरे को घर जाना है." त्याने खिशातली एक पुडी काढून त्या हातात ठेवली. सगळं द्यायला वेळ मिळाला नाही.

"उसकी सात में मेरी भी थी," तो म्हणाला. "आधी-आधी थी साहब."

न्यायालयात फारसं कोणी नव्हतं. पुढच्या खटल्याचे दोन शिपाई आणि बाकावर छपाईवाल्याची बायको, मांडीवर वर्षभराचं मूल घेऊन. त्याचे वकील कपाळाला हात लावून बसले. बोलणं सरळ होतं, पण त्याचा अर्थ त्या माणसाला कळला नव्हता. निम्मी-निम्मी म्हणजे प्रत्येकाकडे साडेपाच. दोघेही पाचच्या रेषेच्या वर. तो मित्राला आपल्याबरोबर खाली आणायला गेला होता आणि स्वतः त्याच्याबरोबर वर चढला होता.

दोषी ठरवण्याचा निकाल सांगून झाला होता. तो बदलण्याचा अधिकार मला नव्हता. छपाईवाला कागदावर थोड्या मात्रेचाच आरोपी राहणार होता. पण उपचाराला पाठवायचं की वर्षभर तुरुंगात, हे माझ्या हातात होतं. आणि दुसऱ्याला किती वर्षं, हेही.

ऑटोवाल्याच्या वकीलबाई लगेच उभ्या राहिल्या. हे सगळं शब्दशः नोंदवून घ्यावं, अशी त्यांची विनंती होती. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मी ऑटोवाल्याकडे पाहिलं. तो दोन शिपायांच्या मध्ये उभा होता, अटकेनंतरच्या फोटोपेक्षा अंगाने भरलेला.

"आप कुछ कहेंगे?"

"झूठ बोल रहा है साहब," तो म्हणाला. "सब मेरी थी. इसने कुछ नहीं दिया मेरे को."

वकीलबाईंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही.

मी एवढी वर्षं या खुर्चीवर बसले. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे शेकडो पाहिले. इथे एक जण स्वतःचं नुकसान करून काहीतरी सांगत होता, दुसरा स्वतःचं नुकसान करून ते नाकारत होता, आणि कोणाचं खरं हे ठरवायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं.

सरकारी वकील वयस्क होते, निवृत्तीला आलेले, सभ्य माणूस. ते सावकाश उठले. म्हणाले, मॅडम, मला यांच्या दोस्तीबद्दल शंका नाही. पण आज हे मानलं तर उद्या प्रत्येक आरोपी एक दोस्त बरोबर घेऊन येईल. वजन खोटं बोलत नाही, म्हणून तर संसदेने वजन धरलं. उपचारांबद्दलही त्यांचं म्हणणं होतं की इस्पितळाला ना भिंत आहे ना पहारा. हा दुसऱ्या दिवशी पळून जाईल.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी दोघांचे जबाब नोंदवून घेतले आणि शिक्षेसाठी दुसरा दिवस दिला.

दुपारी मी चेंबरमध्ये जुने निकाल मागवले. माझ्या आधीच्या दोन न्यायाधीशांचे आणि माझे स्वतःचे, याच पदार्थाचे, मधल्या मात्रेचे. सहा ग्रॅमला चार वर्षं. बारा ग्रॅमला तीन वर्षं. आठ ग्रॅमला एक वर्ष. नऊ ग्रॅमला पाच. वजनाचा आणि वर्षांचा मेळ लागत नव्हता, मग मी कारणं वाचली. सगळ्यांत एकच परिच्छेद होता. गुन्ह्याचं स्वरूप गंभीर आहे, तरुण पिढी उद्ध्वस्त होत आहे, आरोपी नरमाईला पात्र नाही. एक वर्ष दिलं तिथेही तो परिच्छेद होता आणि पाच वर्षं दिली तिथेही. माझ्या निकालांत तो जरा शुद्ध हिंदीत होता एवढंच.

घरी आले तेव्हा आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. चालू खटल्याबद्दल मी तिच्याशी कधी बोलत नसे आणि तीही खोदून विचारत नसे. चहा घेता घेता मी एवढंच म्हटलं, "तू पेपर तपासायचीस तेव्हा एकाच उत्तराला दोन मुलांना वेगळे मार्क कधी दिलेस?"

"पुष्कळदा."

"कळून?"

"कळून कसे देईन? पहिले पेपर सकाळी तपासलेले असायचे, नंतरचे संध्याकाळी. शेवटी शेवटी मी कोणालाही पास करायची." तिने बशी खाली ठेवली. "पालक यायचे भांडायला. मी मार्क बदलायची नाही. एकाचे बदलले तर सगळ्यांचे बदलावे लागले असते."

यातून मला घेण्यासारखं काही मिळालं नाही. तिलाही काही द्यायचं नव्हतं. तिने मग शेजारणीच्या सुनेचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षा सांगण्याआधी मी ऑटोवाल्याला काही प्रश्न विचारले. तो स्वतः पावडर घ्यायचा का. घ्यायचा, म्हणाला, तीन-चार वर्षांपासून. तुरुंगात गेल्यावर काय झालं. "पहला हफ्ता बहुत तकलीफ़ हुई. दूसरे बंदियों ने पकड़ के रखा. फिर ठीक हो गया."

"अब मन होता है?"

"जेल में मन का क्या, साहब."

"कल जो कहा, वही कहना है?"

"वही कहना है."

छपाईवाल्याला मी विचारलं की इस्पितळात जायला तयार आहेस का. तो तयार होता. मग त्याने मित्राकडे बोट न करता नुसती मान वळवली आणि म्हटलं, "इसको भी भेज दो साहब. हम दोनों चले जाएँगे."

मला तेच करायचं होतं. पण उपचाराचं ते कलम थोड्या मात्रेसाठीच आहे. पाच ग्रॅमच्या वर ते दार बंद होतं. सात ग्रॅम बाळगणारा माणूस चार ग्रॅमवाल्यापेक्षा कमी आजारी असतो असं कायद्याला वाटत असेल, किंवा कायद्याने त्याचा विचार केला नसेल. मी त्याला हे सांगितलं. "क़ानून में नहीं है." माझ्या आवाजात खेद वगैरे काही नव्हतं, असं मला आठवतं.

मी छपाईवाल्याला उपचारांसाठी सोडलं. ऑटोवाल्याला दोन वर्षांचा सश्रम कारावास दिला, भोगलेले चौदा महिने वजा करून. दहा महिने उरले. कारणांत मी लिहिलं की दोघांच्या जबाबांपैकी कोणता खरा हे न्यायालय सांगू शकत नाही, म्हणून त्यातला एकही धरत नाही. आरोपीचा पहिला गुन्हा आहे, तो स्वतः व्यसनी आहे, विक्री करत होता असा पुरावा नाही.

दोन वर्षंच का, असं मला पुढे एका सहकाऱ्याने विचारलं. चौदा महिने लिहून त्याच दिवशी त्याला घरी पाठवता आलं असतं. कायदा आडवा येत नव्हता. मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच आजही देईन. आसपासच्या न्यायालयांत तीन-चार वर्षं दिली जात होती. त्याच्या खाली मला यायचं होतं, पण इतकं खाली नाही की वर कोणी लाल पेन्सिलीने खूण करावी. दोन वर्षं हा आकडा त्या माणसाकडे बघून निघाला नव्हता, शेजारच्या आकड्यांकडे बघून निघाला होता. मधल्या मात्रेतले बहुतेक आकडे असेच निघतात. मला तो तेव्हा वाजवी वाटला. अवाजवी आहे असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

निकाल ऐकून छपाईवाल्याची बायको उठली आणि मूल काखेत घेऊन ऑटोवाल्याजवळ गेली. शिपायांनी तिला अडवलं नाही. ती त्याला काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. त्याने मुलाकडे एकदा पाहिलं आणि शिपायांच्या पुढे चालायला लागला. शिपायांनाच पावलं उचलावी लागली.

सरकारी वकिलांचं भाकीत लवकरच खरं ठरलं. दुसऱ्याच महिन्यात इस्पितळातून कळलं की छपाईवाला आठवड्याभरात निघून गेला. मग कळलं की परत आला. मग पुन्हा गेला. बंधपत्र मोडलं म्हणून त्याला बोलावून शिक्षा सुनावता आली असती आणि सरकारी वकिलांनी तसा अर्जही दिला. मी तो अर्ज वर्षअखेरच्या अहवालाबरोबर ऐकू असं म्हणून बाजूला ठेवला. यात माझ्या बाजूने काही धोरण नव्हतं. त्या दिवशी बोर्डावर चाळीस प्रकरणं होती आणि पुढची तारीख देणं सगळ्यात सोपं होतं. पुढे त्याचं चांगलं झालं म्हणून ती दूरदृष्टी ठरत नाही.

वर्ष संपता संपता तो हजर झाला. आधीपेक्षा वाळला होता. इस्पितळाचा अहवाल थोडक्यात होता. उपस्थिती अनियमित, तीनदा खंड, मात्र गेल्या चार महिन्यांत सेवन केल्याचं आढळत नाही. सरकारी वकील निवृत्त होऊन त्यांच्या जागी दुसरे आले होते. ते अहवाल वाचून म्हणाले की न्यायालयाला योग्य वाटेल ते करावं.

मी छपाईवाल्याला विचारलं, "अब कैसा है?"

"रोज़ का रोज़ है साहब," तो म्हणाला. "सुबह काम पे बैठ जाता हूँ तो दिन निकल जाता है."

त्याला समज देऊन सोडावं असं मी ठरवलं. पुढे पुन्हा व्यसनाकडे न वळण्याचं बंधपत्र त्याने लिहून दिलं. कागदांवर अंगठा नाही, सही केली, सावकाश, शाळेतल्यासारखी. मग मी एक प्रश्न विचारला. त्याची गरज नव्हती आणि स्टेनोला तो लिहू नको असा हात केला.

"वो छूट गया होगा?"

"हाँ साहब. दो महीने हो गए."

"मिलते हो?"

त्याने सांगितलं की मित्र सुटला त्या दिवशी तो स्वतः तुरुंगाच्या फाटकाशी उभा होता, मोटरसायकल घेऊन. मित्र बाहेर आला, त्याच्या बाजूने चालत पुढे गेला. तो मागे मागे गेला तेव्हा मित्र थांबून एवढंच म्हणाला की तू माझे चौदा महिने पाण्यात घातलेस.

"मैंने तो उसके लिए ही बोला था," छपाईवाला मला म्हणाला. "उसको कम हो जाए, इसलिए."

मित्राची शिक्षा कमी झाली होती की नाही हे मी त्याला सांगू शकत नव्हते. मलाच माहीत नव्हतं. त्याचा जबाब मी धरला नाही असं लिहिलं होतं. पण तो मी ऐकला होता आणि ऐकलेलं बाजूला ठेवता येतं असं कायदा समजतो, तेवढं ते सोपं नसतं. तीन वर्षांऐवजी दोन लिहिताना ते वाक्य डोक्यात नव्हतं, असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या नकारामुळे आकडा चौदा महिन्यांवर आला नाही, असंही असू शकतं. त्याने मित्राच्या म्हणण्याला दुजोरा दिला असता तर कदाचित मी त्याला त्याच दिवशी सोडलं असतं. तो ते करणार नव्हता. पुलाच्या अलीकडे हात मागे करून त्याने जे काम केलं ते त्याला पूर्ण करायचं होतं, आणि मित्राने भर न्यायालयात ते अर्ध्यावर मोडलं.

ऑटो बँकेने नेला होता. त्याची आई त्याला घेऊन देवासला बहिणीकडे गेली आणि तो तिथल्या एका कारखान्यात कामाला लागला, एवढी माहिती छपाईवाल्याने दिली. मग तो नमस्कार करून गेला. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

यानंतर माझी पुन्हा बदली झाली, शेवटची. तिथे एका दुपारी वरिष्ठ न्यायालयाचा एक आदेश टपालात आला. ऑटोवाल्याच्या वकीलबाईंनी त्याच वेळी तुरुंगातून त्याच्या सहीने अपील दाखल केलं होतं. ते रांगेत पडून राहिलं आणि त्याची पाळी आली तोवर शिक्षा भोगून त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. आदेश तीन पानांचा होता. दोषी ठरवणं कायम ठेवलं होतं. शिक्षेबद्दल म्हटलं होतं की खालच्या न्यायालयाने दोन्ही जबाब बाजूला ठेवले ते योग्य झालं नाही. दोघांपैकी कोणीही खरं बोलत असो, दोघेही व्यसनी होते आणि माल स्वतःच्या वापरासाठी होता एवढं सारखंच दिसतं, आणि मग एकाला इस्पितळ आणि दुसऱ्याला दोन वर्षं यात फार अंतर पडतं. म्हणून शिक्षा निकालाच्या दिवसापर्यंत भोगलेल्या कालावधीइतकी, म्हणजे चौदा महिने, करण्यात येत आहे.

मी तो दोनदा वाचला. चांगला आदेश होता. मला जे सुचलं नव्हतं ते त्यात होतं. कोण खरं बोलतो हे ठरवायची गरजच नव्हती. वरचे दहा महिने मात्र त्याचे भोगून झाले होते आणि ते परत देण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. आदेशाची एक प्रत त्याच्या जुन्या पत्त्यावर, भैरवगढला गेली असेल. ती कोणी देवासला पोचवली का, मला माहीत नाही.

संध्याकाळी आईला मी हे सांगितलं. खटला संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा वजनं विचारून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुझा पेपर फेरतपासणीला घेतला."

"हो."

"आणि मार्क बदलले."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "वर कोणीतरी असावं. आमच्या वेळी नव्हतं."

नोकरीच्या उरलेल्या महिन्यांत मधल्या मात्रेचे आणखी काही खटले माझ्यापुढे आले. मी तो जुना परिच्छेद वापरणं बंद केलं. स्टेनोला मी आधी कारणं सांगायला लागले, त्या माणसाबद्दलची, आणि आकड्याची जागा कोरी ठेवायला सांगायची. कारणं सांगून झाली की त्या जागेत काय भरायचं ते बघायची. त्यामुळे माझे निकाल लांबले आणि एका वकिलाने तक्रारही केली की मॅडम दुपारपर्यंत अडकवून ठेवतात. काही वेळा कारणं सांगता सांगता मनातला आकडा बदलत असे. तो दर वेळी कमीच व्हायचा असं नाही.